‘सा. न. वि. वि.’ ते ‘सीसी’

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

माझा भाचा मराठी शाळेत शिकला आणि नवी मुंबईत, महाप्याच्या एका कंपनीत लागला. पहिल्याच आठवड्यात त्याला साहेबांचा ई-मेल आला. आरंभी तीन अक्षरे : ‘पीएफए’. त्याला वाटले, हे प्रॉव्हिडंट फंडाचे प्रकरण. त्याने तो मेल हिशेब विभागाकडे धाडून दिला. खरा अर्थ एवढाच होता की, सोबत फाइल जोडली आहे, ती पाहावी. दिवसभर ऑफिसात हशा पिकला. रात्री तो म्हणाला, ‘‘मामू, मला इंग्रजी जमत नाही. नोकरी सोडतो.’’

मी बी.ए. झालेला, पण ती अक्षरे मलाही ठाऊक नव्हती. मी म्हटले, ‘‘बेटा, हे इंग्रजी नव्हे, ही दफ्तराची भाषा. ती कोणालाच जन्मतः येत नाही.’’

श्रोतेहो, आपल्या घरच्या पत्रांतले ‘सा. न. वि. वि.’ आठवा. साष्टांग नमस्कार विनंती विशेष! ‘ति. स्व.’ कोणाला लिहायचे आणि ‘चि.’ कोणाला, हे वडीलधाऱ्यांनी सांगितले म्हणून आपल्याला कळले. कारकुनांसाठी तर मायन्यांची पुस्तकेच होती. ‘मेस्तक’ हे त्यांपैकी एक. परंपरा ते हेमाडपंतांचे मानते.

पेशवे दफ्तरातील मोडी कागद पाहा. ‘छ’ म्हणजे चंद्र, अर्थात मुसलमानी महिन्याची तारीख. ‘पौ’ म्हणजे पत्र पोचल्याची नोंद. ‘मौ’ म्हणजे मौजे. शेवटी ‘मोर्तब सुद’ किंवा ‘लेखनसीमा’, म्हणजे मजकूर संपला, पुढे कोणी काही घुसडू नये. साल सांगायला इहिदे, इसन्ने, सलास. लहानपणी मौलवीसाहेबांकडे शिकलेले अरबी आकडे मला या मराठी कागदांत भेटले, तेव्हा केवढा आनंद झाला! शिवाजी महाराजांनी ‘राज्यव्यवहारकोश’ करवून फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. तरीही दफ्तरात फारसी टिकून राहिली. ज्या कारकुनाच्या घरी कोणी फारसी बोलत नव्हते, तोही वडील कारकुनाशेजारी बसून ती शिकला.

१८१८ मध्ये पेशवाई गेली, दफ्तर इंग्रजांचे झाले. पुढे तारेला शब्दागणिक पैसे पडू लागले आणि काटकसरीची सवय लागली. २०१३ मध्ये तार बंद झाली, सवय उरली. ‘सीसी’चेही तसेच. १८०६ मध्ये इंग्लंडात वेजवुड यांनी कार्बन कागदाचे पेटंट घेतले. टाइपरायटरवर दोन कागदांमध्ये तो घालून प्रत काढत, ती कार्बन कॉपी. रे टॉमलिन्सन यांनी १९७१ मध्ये संगणकांच्या जाळ्यावरून पहिला ई-मेल पाठवला. आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आले १५ ऑगस्ट १९९५ला. कार्बन कागद कधीही हाती न घेतलेली मुले आज दिवसभर ‘सीसी’ करतात.

म्हणजे भाषा बदलली, रीत तीच राहिली. फरक एकच पडला : शेजारी बसवून शिकवणारा वडील कारकून नाहीसा झाला. संक्षेप हा जाणत्यांचा वेळ वाचवतो, पण नवख्याला तो बंद दरवाजा वाटतो. विचारावे, तर अज्ञान उघडे पडते. न विचारावे, तर चूक होते. मराठी शाळेतून आलेली किती तरी हुशार मुले या कात्रीत सापडून गप्प बसतात.

भाच्याने नोकरी सोडली नाही. त्याने एक वही केली. डावीकडे अक्षरे, उजवीकडे मराठीत अर्थ. आता ऑफिसात नवे कोणी आले की तो ती वही त्याच्यापुढे सरकवतो.