पापणीवरील अभ्रक

गेल्या मार्गशीर्षांत आमच्या नात्यांतील एका लग्नाच्या वेळीं नवऱ्या मुलीच्या धाकट्या बहिणीनें सकाळीं एका चिमुकल्या डबींतील चकचकीत मलम बोटानें पापण्यांवर लावलेलें आम्हीं पाहिलें. रंग म्हणावा तर फिकट तांबूस होता. पण मान जरा वळली कीं त्यांत सोन्याची झांक येई, आणि डोळे मिटले कीं पापणी ओल्या शिंपल्यासारखी दिसे. दुपारीं पंगती उठेपर्यंत मात्र त्या सगळ्या झळाळीची पापणीच्या घडींत एक बारीक रेघ होऊन बसली होती आणि मुलगी हिरमुसली होती. "आमचें काजळ तरी काय, उन्हाळ्यांत गालापर्यंत येई," असें म्हणून तिच्या आजीनें तिची समजूत घातली. आजीबाई सहज बोलून गेल्या. परंतु पापणीवर रंग चढविण्याच्या सहा हजार वर्षांच्या उद्योगांतील मुख्य अडचण त्या एका वाक्यांत आली आहे, असें आम्हांस वाटतें.

पापणीच्या रंगाकडून माणसाच्या तीन अपेक्षा असतात. तो दिसावा, बोटाखालीं लोण्यासारखा पसरावा, आणि दिवसभर जागचा हलूं नये. यांपैकीं दुसरी अपेक्षा स्निग्ध पदार्थ पुरवितो आणि तिसरी तोच बिघडवितो. दिव्याची काजळी तुपांत किंवा एरंडेलांत खलणाऱ्या आपल्या घरोघरच्या स्त्रियांस हें शिकविण्याची गरज नव्हती. त्यांत पापणी ही शरीरांतील मोठी चंचल जागा! ती मिनिटाला सुमारें पंधरा वेळां मिटते, म्हणजे जागेपणीं दिवसांतून दहाबारा हजार वेळां तरी तिची घडी पडते व उलगडते. त्वचेची ऊब आणि तिचें स्वतःचें तेल या कामीं साह्य करतात, आणि वरचें मलम सरकत सरकत घडींत जाऊन बसतें. एवढें असूनही ज्यांना केवळ रंग नको होता, चमकही हवी होती, त्यांची अडचण दुणावली. ती चमक त्यांनीं कोठून आणली, हाच या लेखाचा विषय होय.

आरंभ इजिप्तपासून करणें प्राप्त आहे. इसवी सनापूर्वीं सुमारें चार हजार वर्षें, म्हणजे पिरॅमिड उभे राहण्याच्याही कित्येक शतकें आधीं, नाईलकांठचे लोक आपल्या मृतांबरोबर दगडाच्या लहान पाट्या पुरीत असत. या पाट्यांवर डोळ्यांचा रंग वाटीत. त्या देशाच्या पहिल्या राजांपैकीं नार्मर याची जी प्रसिद्ध शिळापाटी १८९७-९८ सालीं हायराकोन्पोलिस येथील उत्खननांत मिळाली, तीही आकारानें अशीच रंग वाटण्याची पाटी आहे. तिच्यावर शत्रूचा वध कोरला आहे, आणि दुसऱ्या बाजूस, दोन विचित्र पशूंच्या लांब मानांच्या विळख्यांत, रंग वाटण्यासाठीं असतो तसा वाटोळा खळगा ठेवला आहे. राज्याच्या एकीकरणाचें स्मारक घडवितांना शिल्पकारास सौंदर्यप्रसाधनाच्या पाटीचें रूप योग्य वाटलें, यावरून त्या वस्तूची प्रतिष्ठा ध्यानांत यावी.

तेथें रंग मुख्यतः दोन. हिरवा तो तांब्याच्या मॅलाकाइट नामक पाषाणाचा. काळा तो गॅलिना म्हणजे शिसें व गंधक यांच्या संयोगाचा. पहिला पूर्वींच्या काळीं अधिक चालला, पुढें काळ्याची सरशी झाली. गॅलिना हा तांबड्या समुद्राच्या कांठीं जेबेल अल्-झैत या डोंगरांतून खणून आणीत, आणि त्या खाणींपाशीं हाथोर देवीचें "गॅलिनाची स्वामिनी" या नांवानें पूजन होई. या पाषाणाचा ताजा फुटलेला पृष्ठभाग आरशासारखा लखलखतो. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयांतील प्राचीन डब्यांतून व नळ्यांतून उरलेल्या चूर्णांचें फ्रेंच रसायनज्ञांनीं पृथक्करण केलें व १९९९ सालीं तें प्रसिद्ध केलें. त्यांत आम्हांस विशेष वाटलेली गोष्ट ही कीं, एकच गॅलिना कोठें अगदीं बारीक कुटला होता, तर कोठें जाड ठेवला होता. बारीक कुटला कीं निस्तेज काळिमा येतो. जाड कणांत धातूची चकाकी शिल्लक राहते. चूर्णांत चरबीचें प्रमाणही शेकडा सात ते दहा आढळलें. म्हणजे चार बोटें चालविणाऱ्या त्या अनामिक कारागिरांस चमक व पोत या दोन्ही गोष्टी मोजून मापून साधतां येत होत्या.

याच पृथक्करणांत शिशाचे असे दोन क्षार सांपडले कीं जे निसर्गांत क्वचितच मिळतात. शिशाची भस्में मीठमिश्रित पाण्यांत घोळवून, पाणी पुनःपुन्हां बदलून, आठवडेच्या आठवडे खपल्यावर ते बनतात. डोळ्यांचें औषध म्हणून ते मुद्दाम केले जात. २०१० सालीं झालेल्या दुसऱ्या एका प्रयोगांत या क्षारांच्या अत्यल्प मात्रेनें त्वचेच्या पेशी रोगप्रतिकारास उद्युक्त होतात असें दिसलें. तथापि येवढ्यावरून कोणी शिशाचा सुरमा मुलांच्या डोळ्यांत घालूं नये. शिसें शरीरांत सांचत जातें आणि लहान मुलांच्या मेंदूस अपाय करतें, याविषयीं आज शंका उरलेली नाहीं. प्राचीनांचें कौतुक करतांना आपली बुद्धि गहाण टाकण्याचें कारण नाहीं.

पुढील पुष्कळ शतकें आम्ही एका दमांत ओलांडतों, कारण चमकेच्या शास्त्रांत त्यांनीं फारशी भर घातली नाहीं. सतराव्या शतकांत पॅरिसमध्यें जाकें नांवाचा एक जपमाळा करणारा होता. नदींतील लहान रुपेरी मासे धुतल्यावर पाण्याला मोत्यांसारखी तकाकी येते हें त्यानें पाहिलें, असें परंपरेनें सांगतात. तो अर्क पोकळ कांचेच्या मण्यांना आंतून लावून मण्यांत मेण भरलें कीं खोटे मोती तयार होत. माशांच्या खवल्यांतील या पदार्थाला पुढें ग्वानीन म्हणूं लागले. कारण १८४४ सालीं तो प्रथम वेगळा काढण्यांत आला तो समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेंतून, जिला ग्वानो म्हणतात! रसिक वाचकांनीं विरस मानूं नये. विसाव्या शतकांत हाच अर्क नखांच्या रंगांत व इतर प्रसाधनांत शिरला. त्याची तकाकी मऊ आणि खरोखर मोत्याची. पण एवढ्याशा अर्काला माशांचे ढीग लागत, आणि किंमतही तशीच पडे. बिस्मथाच्या एका क्षारापासून केलेली "मोतिया पांढरी" याहून स्वस्त होती. मात्र गंधकाच्या वायूनें ती काळी पडे.

मलमाचा इतिहास या वेळीं रंगभूमीवर घडत होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत जर्मनींत लुडविग लाइख्नर या गायकानें चरबींत कालवलेल्या रंगांच्या कांड्या विकण्यास आरंभ केला. नाटकगृहाच्या दिव्यांत त्या शोभत. परंतु चित्रपटाचा कॅमेरा चेहऱ्याजवळ आला तेव्हां त्या जाड थराच्या भेगा दिसूं लागल्या. पोलंडांतून अमेरिकेंत गेलेल्या मॅक्स फॅक्टर यानें १९१४ सालीं पातळ, लवचिक मलमाच्या रूपांत तो रंग केला. पडद्यावरून ही आवड घरांत उतरली, आणि व्हॅसलीन-मेणांत रंग घोटलेल्या पापणीच्या डब्या दुकानांत दिसूं लागल्या. नट वरून पावडर थापून रंग बसवीत. पण पावडर टाकली कीं चमक गेली. संध्याकाळच्या समारंभासाठीं म्हणून चमक हवी, तर घडींतली रेघ सोसावी, असा हा सौदा होता.

त्यांतून मार्ग निघाला तो अभ्रकामुळें. अभ्रकाचे पापुद्रे किती पातळ सुटतात हें आपणांस ठाऊकच आहे. १९६३ सालीं अमेरिकेंतील ड्यू पाँट कंपनीस एक पेटंट मिळालें. अभ्रकाच्या सूक्ष्म पापुद्र्यांवर टिटॅनियमच्या ऑक्साइडाचा लेप देण्याची ही युक्ति होती. लेपाच्या वरून आणि खालून परतणारे किरण एकमेकांत मिसळतात, आणि साबणाच्या फुग्यावर दिसतात तसे रंग उत्पन्न होतात. लेप सुमारें पन्नास नॅनोमीटर जाड असला तर रुपेरी. जाडी वाढवीत नेली तर क्रमानें सोनेरी, तांबडा, निळा व हिरवा. म्हणजे लग्नांतील त्या मुलीच्या पापणीवरचें सोनें हें रंगद्रव्य नव्हतेंच. ती केवळ जाडी होती. पापुद्रे बारीक असले तर रेशमाची झिलई, मोठे असले तर चांदण्या. आणि फारच कुटले तर चमक नाहींशी, इजिप्तच्या गॅलिनाप्रमाणेंच. टिकाऊपणासाठीं तेलामेणाच्या जागीं पुढें उडून जाणारीं सिलिकोनें आलीं. लावतांना तीं मऊ पसरतात, मग हवेंत विरतात, आणि मागें राळेसारखा पातळ पडदा पापुद्र्यांना धरून राहतो. चांगल्या डबीची परीक्षा ही कीं लावल्यावर मिनिटभर डोळे मिटून बसावें लागतें. आमच्या त्या मुलीस तेवढा धीर कोठला!

आतां जी गोष्ट सांगायची ती सांगतांना लेखणी जड होते. हें अभ्रक मोठ्या प्रमाणावर येतें तें झारखंडच्या कोडरमा व गिरिडीह आणि बिहारच्या नवादा जिल्ह्यांतून. १९८० च्या वनसंरक्षण कायद्यानंतर तेथील पुष्कळ खाणी कायदेशीरपणें बंद पडल्या. अभ्रक मात्र जमिनींतच राहिलें, आणि भूकही. जुन्या खाणींच्या तोंडाशीं व उंदरांच्या बिळांसारख्या भोकांत शिरून माणसें "ढिबरा" म्हणजे टाकाऊ अभ्रक वेंचतात. बोटें लहान असल्यानें मुलांना हें काम सहज जमतें असें म्हणतात. माती अंगावर ढांसळते तेव्हां तें लहानपण कामास येत नाहीं. २०१६ सालीं वृत्तसंस्थांनीं अशा मृत्यूंचें वृत्त दिलें. राष्ट्रीय बालहक्क आयोगाच्या २०१९ च्या पाहणींत झारखंडच्या अभ्रकाच्या पट्ट्यांतील सहा ते चौदा वर्षांचीं साडेचार हजारांहून अधिक मुलें शाळेंत जात नसल्याचें आढळलें. २०१७ सालीं पॅरिसमध्यें व्यापाऱ्यांचें व उत्पादकांचें एक मंडळ हा व्यवहार सुधारण्यासाठीं स्थापन झालें. कांहीं कारखानदार कृत्रिम अभ्रकाकडे वळले, जें भट्टींत तयार होतें व नैसर्गिक अभ्रकाहून अधिक पारदर्शक असतें.

लग्नानंतर आठ दिवसांनीं आम्हीं त्या मुलीकडून ती डबी मागून घेतली आणि भिंग लावून मागची चिठ्ठी वाचली. बारीक अक्षरांत सतरा पदार्थ होते. अभ्रकासाठीं जगभर ठरलेला ७७०१९ हा आंकडा त्यांत चौथा होता. तें कोठून आणलें याचा उल्लेख नव्हता. मुलीनें विचारलें, "काका, यांत काय शोधतां?" आम्हीं तिला कोडरमा नकाशावर दाखविलें. ती बराच वेळ नकाशा पाहत राहिली, आणि मग डबी परत घेऊन गेली.