नोटेवरची सही आणि आपल्या गटाचं खातं

गटाच्या बैठकीत नोटा मोजताना आपण आकडा बघतो, सही कोण बघतं? परवा नरडाण्याच्या बैठकीत एका ताईने शंभराची नोट उजेडात धरून विचारलं, "ही सही कुणाची? आणि या बँकेत आपलं खातं का नाही?" आम्ही एकमेकींकडे पाहत राहिलो. मग शोध घेतला.

सही रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरची. (एक रुपयाच्या नोटेवर मात्र अर्थ सचिवांची असते. ती नोट सरकारची.) रिझर्व्ह बँक ही बँकांची बँक. नोटा काढायच्या, सरकारचा पैसा सांभाळायचा, बाकीच्या बँकांना नियम घालून द्यायचे, ही तिची कामं. तिथे तुमचं-आमचं खातं निघत नाही. १ एप्रिल १९३५ ला ती सुरू झाली, तेव्हा मुख्य कचेरी कलकत्त्याला होती. १९३७ मध्ये मुंबईला आली. सुरुवातीला ती खाजगी भागधारकांची होती, १ जानेवारी १९४९ पासून सरकारची झाली. तिचे पहिले भारतीय गव्हर्नर आपले मराठी माणूसच, महाडजवळच्या नाते गावचे चिंतामणराव देशमुख. साल १९४३.

आता आपल्या कामाचं. या बँकेच्या कायद्यातच शेतीकर्जासाठी वेगळा विभाग ठेवायला सांगितलं होतं. पण गावापर्यंत पैसा पोचला का? ते बघायला बँकेनेच १९५१ मध्ये देशभरातल्या ६०० गावांची पाहणी सुरू केली. समितीत पुण्याचे धनंजयराव गाडगीळ होते. १९५४ ला अहवाल आला. शेतकऱ्याने घेतलेल्या शंभर रुपये कर्जातले जवळजवळ सत्तर सावकारांचे! सोसायट्यांचे तीनेक, आणि व्यापारी बँकांचा तर पुरता एक रुपयाही नाही. हा हिशेब कुटुंबाचा होता. त्यासाठी घरातल्या कुणाची पोत गहाण पडली, कुणाच्या पाटल्या गेल्या, हे त्यात कुठून येणार? आपल्या आज्यांना विचारा, त्यांना तोंडपाठ असेल.

पुढे १९५५ ला स्टेट बँक झाली, १९६९ ला चौदा बँका सरकारने घेतल्या, शाखा खेड्यांत आल्या. तरी कर्ज मागायला गेलं की सातबारा दाखवा. सातबाऱ्यावर आपलं नाव कुठे?

१९८२ मध्ये शेती आणि खेड्यांच्या कर्जासाठी नाबार्ड निघाली. तिने १९९२ मध्ये ५०० बचत गट बँकांना जोडून बघायचं ठरवलं. अडचण साधीच होती: गटाची नोंदणी नाही, मग खातं कुणाच्या नावाने काढायचं? ४ जानेवारी १९९३ ला रिझर्व्ह बँकेने बँकांना कळवलं, की नोंदणी असो वा नसो, गटाच्या नावाने बचत खातं उघडता येईल. आमच्या मते आपल्यासाठी या बँकेच्या इतिहासातली मोठी तारीख हीच. पुस्तकांत तिला कुणी मोठं म्हणत नाही, ते जाऊ द्या.

कागद निघाला म्हणून काउंटर लगेच मऊ झालं नाही. एका शाखेत आम्हाला तीन खेपा घालायला लावल्या, "घरचा माणूस घेऊन या" म्हणाले. चौथ्या खेपेला आम्ही अकरा जणी गेलो आणि बाकावर बसून राहिलो. खातं निघालं, गटाच्या नावाने. अर्जावर दोन सह्या आणि एक अंगठा होता. अंगठा ज्या बाईचा होता, ती आता पैसे काढताना सही करते, अन्‌ तीही अशी सावकाश, की मागची रांग कुरकुरते.