ख्रिस्ती भक्तीची मराठी वाट

मुंबईहून गोव्याकडे जाणारा हमरस्ता पनवेल सोडल्यावर शिरढोणास लागतो. १८४५ सालीं येथें जन्मलेल्या वासुदेव बळवंत फडक्यांमुळें हें गांव महाराष्ट्रास ठाऊक आहे. फडके जसे बंडखोर, तसेच दत्तभक्तही होते. वडिलोपार्जित भक्तीचा असा आधार त्यांना जन्मतःच लाभला होता. परंतु जो माणूस धर्म बदलतो, त्यानें असा आधार कोठून आणावा? या प्रश्नाचें एक जुनें उत्तर याच रस्त्याच्या दुसऱ्या टोंकास, गोव्यांत, सांपडतें.

साष्टी प्रांतांतील राचोल येथें १६१६ सालीं फादर स्टीफन्स यांचें ख्रिस्तपुराण छापून निघालें. लिपि रोमन, भाषा मराठी, आणि ओव्या सुमारें अकरा हजार! ग्रंथाचें कारण ग्रंथांतच दिलें आहे. एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीबावांस विचारतो कीं, आमचीं पूर्वींचीं पुराणें आपण मना केलींत, तर त्यांच्या ठायीं दुसरीं कां देत नाहीं? या प्रश्नांत गाऱ्हाणें आहे, त्याहून अधिक भूक आहे. प्रश्नोत्तरें घोकून सिद्धान्त पाठ होतात. चार माणसें दिवेलागणीस एकत्र बसवून त्यांचीं मनें ओलीं करण्याचें सामर्थ्य त्यांत नसतें. स्टीफन्सनीं तें ओवींत ओळखलें. पुढें १६८४ सालीं पोर्तुगीज सत्तेनें स्थानिक भाषेविरुद्ध फर्मान काढलें; धर्म देणारे हात भाषा हिरावूं लागले.

तीच भूक पुढें रेव्हरंड नारायण वामन टिळकांस जाणवली. १८९५ च्या फेब्रुवारींत मुंबईस त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. त्यापायीं घर दुभंगलें. लक्ष्मीबाईंनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला तो १९०० सालीं. परंतु टिळकांनीं धर्म बदलतांना तुकोबा सोडले नाहींत. तुकोबांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्तापाशीं पोंचलों, असें ते सांगत. त्यांनीं ख्रिस्ती मंडळीस अभंग दिले, कीर्तन दिलें. १९१७ सालीं साताऱ्यास त्यांनीं ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यांत बाप्तिस्मा झालेल्यांस व न झालेल्यांस सारखीच जागा होती. दोनच वर्षांनीं, १९१९ मध्यें, ते निवर्तले. त्यांचें अपुरें ख्रिस्तायन लक्ष्मीबाईंनीं पुढें नेलें.

कोणी म्हणेल, जुनीं भांडीं ठेवलीं तर नवा धर्म कसला? आम्हांस उलट वाटतें. ज्या भाषेंत माणूस आईपाशीं रडला, तींतच तो देवापाशीं मोकळा होतो. दरबार फार काळ टिकला नाहीं. टिळकांचीं गीतें मात्र मराठी प्रार्थनामंदिरांत आजही गाइलीं जातात. संस्थापकामागें संस्था थकली, पण गाणें थकलें नाहीं. मंडळीची भक्ति वाढवूं पाहणाऱ्या कोणत्याही धर्माच्या पुढाऱ्यानें राचोलच्या त्या ब्राह्मणाचा प्रश्न आधीं ऐकावा, एवढेंच आमचें सांगणें आहे.