सामत्यापासून यू-ड्रिलपर्यंत

तारकर्लीच्या वाळूवर ओढून ठेवलेली एखादी जुनी होडी तुम्ही कधी जवळून पाहिली आहे काय? एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी आणि मध्ये माडांची चिंचोळी पट्टी, असे हे गाव. येणारा पाहुणा पाण्याकडे पाहतो, आणि ते साहजिकही आहे. पण रांपणीच्या जुन्या होडीपाशी वाकून पाहिले असते, तर तिच्या फळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या नसून काथ्याच्या दोरीने शिवलेल्या आहेत, असे त्याच्या ध्यानात आले असते. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर अशा शिवलेल्या होड्यांची परंपरा फार जुनी. आता त्या क्वचितच दिसतात.

शिवण म्हटली की भोक आले. फळीच्या दोन्ही कडांना, समोरासमोर, सारख्या अंतरावर शेकडो भोके. त्यातले एक जरी तिरके गेले तरी दोरी सैल बसते आणि पाणी आत येते. तेराव्या शतकात मार्को पोलो होर्मुझला आला, तेव्हा तिथली काथ्याने शिवलेली जहाजे पाहून तो धास्तावला होता. इथले लाकूड इतके कडक आहे की खिळा मारला तर ते मातीच्या भांड्यासारखे तडकते, अशा अर्थाचे त्याने लिहून ठेवले आहे. म्हणजे खिळा असो की दोरी, आधी भोक नीट पडले पाहिजे. आज मी तुम्हांला या भोकाचाच इतिहास सांगणार आहे. विषय क्षुल्लक वाटेल, पण सुईच्या नेढ्यापासून तोफेच्या नळीपर्यंत आणि तिथून मोटारीच्या इंजिनापर्यंत माणसाचा निम्मा संसार भोकावर उभा आहे.

आपल्या सुताराचे भोक पाडण्याचे जुने हत्यार म्हणजे सामता. उभा दांडा, खाली पोलादी पाते, वर हाताने दाबून धरायचे लाकडी टोपण आणि दांड्याला दोरीचा वेढा देऊन पुढेमागे ओढायची कमान. कमान पुढे गेली की दांडा एका दिशेने फिरतो, मागे आली की उलट दिशेने. म्हणून सामत्याचे पाते भाल्याच्या टोकासारखे, दोन्हीकडून चालणारे असते. ते लाकूड खऱ्या अर्थाने कापत नाही, खरवडते. काम सावकाश होते, पण हाताला सगळे कळते. पाते गाठीवर आले, भुसा अडकला, टोक पलीकडे निघायला आले, यातले काही सुताराला डोळ्यांनी पाहावे लागत नाही.

25 नोव्हेंबर 1664 रोजी मालवणच्या समोर कुरटे बेटावर सिंधुदुर्गाची पायाभरणी झाली आणि सुमारे तीन वर्षांत किल्ला उभा राहिला. बखरी आणि इतिहासकार तटाबुरुजांविषयी पुष्कळ बोलतात, ते योग्यच. पण शिवाजी महाराजांचे आरमार म्हणजे गुराबा आणि गलबते, आणि गलबत म्हणजे हजारो खिळ्यांची भोके. सागवान जाड असेल आणि खिळा भोकाशिवाय मारला, तर फळी उभी चिरते. भोक रुंद झाले, तर लाटांच्या हिसक्याने खिळा हलू लागतो. 1736 साली सुरतेहून मुंबईला आलेल्या लवजी नसरवानजी वाडियांच्या घराण्याने पुढे गोदीत जी जहाजे बांधली, त्यांतले 1817 चे 'ट्रिंकोमाली' आजही इंग्लंडात हार्टलपूलला तरंगते आहे. सागवानाची कीर्ती सगळे गातात. त्या सागवानात सरळ भोके पाडणाऱ्या हातांची नावे मात्र कुणी लिहून ठेवली नाहीत.

आता लाकूड सोडून दगडाकडे वळू, कारण आजच्या कारखान्यातल्या ड्रिलचा खरा पूर्वज तिथे भेटतो. टेर आणि नेवासे इथल्या उत्खननांत अकीकाचे मणी सापडले आहेत. अकीक पोलादालाही दाद देत नाही. मग त्यात भोक कसे पाडायचे? खंबायतच्या कारागिरांची रीत पाहा. लोखंडी सळईच्या टोकाला हिऱ्याच्या एक-दोन बारीक कणी बसवायच्या आणि तीच कमानीने फिरवायची. सळई साधी, स्वस्त, चिवट. टोक तेवढे हिऱ्याचे. कापण्याचे काम कठीण पदार्थाने करायचे आणि भार सोसायचे काम चिवट पदार्थाने, ही ती कल्पना. वाचकहो, एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवा, पुढचा सगळा इतिहास तिच्याचभोवती फिरतो.

युरोपात ही विद्या तोफांच्या निमित्ताने वाढली. 1774 साली जॉन विल्किन्सनने तोफेची नळी आतून अचूक कोरण्याचे यंत्र काढले. त्याच्याच कोरणीमुळे जेम्स वॉटच्या वाफेच्या इंजिनाला नीट गोल सिलिंडर मिळाले. 1798 साली काउंट रम्फर्डने म्यूनिकच्या शस्त्रागारातला प्रयोग प्रसिद्ध केला. तोफ कोरताना ती पाण्यात बुडवून ठेवली आणि बोथट हत्यार घोड्यांच्या बळाने फिरवले, तर अडीच तासांत ते पाणी चक्क उकळले. पाहणारे थक्क झाले. उष्णतेविषयीच्या शास्त्राला त्याने वळण मिळाले. पण कारागिरालाही त्यात धडा होता : भोक पाडताना उष्णता होणारच, ती बाहेर काढायची सोय आधी करा.

1863 साली अमेरिकेत स्टीफन मोर्सने पिळाच्या ड्रिलचे पेटंट घेतले. दांड्यावर दोन पीळदार खाचा, त्यांतून धातूचा कीस आपोआप वर येतो. 1900 च्या पॅरिस प्रदर्शनात टेलर आणि व्हाइट यांनी असे पोलाद दाखवले, की त्याचे टोक लालबुंद झाले तरी धार जात नाही. हेच हायस्पीड स्टील. त्यानंतर 1923 च्या सुमारास जर्मनीत कार्ल श्रोटरने टंगस्टन कार्बाइडची पूड कोबाल्टबरोबर भाजून घट्ट केली. क्रुप कंपनीने ती 'विडिया' या नावाने विकली. जर्मन भाषेत या नावाचा अर्थ 'हिऱ्यासारखे' असा होतो. खंबायतची कणी अशी फिरून आली!

कार्बाइड कठीण खरे, पण ठिसूळ आणि महाग. म्हणून प्रथम त्याचे तुकडे पोलादी हत्याराला झाळून बसवीत आणि धार गेली की ग्राइंडरवर लावीत. 1950 च्या दशकात युक्ती निघाली, की तुकडा झाळायचाच नाही, स्क्रूने बसवायचा. एक कोपरा झिजला की फिरवून दुसरा पुढे आणायचा आणि सगळे कोपरे संपले की तुकडा बदलायचा. याला इन्सर्ट म्हणतात. त्याच सुमारास, 1952 साली, अमेरिकेत एम.आय.टी.मध्ये आकड्यांच्या हुकमावर चालणारे यंत्र दाखवले गेले. त्यातून आजची सी.एन.सी. यंत्रे आली. या दोहोंच्या संगमातून जे ड्रिल निघाले, त्याला आपल्याकडचे कामगार 'यू-ड्रिल' म्हणतात.

महाराष्ट्राचा यात वाटा आहे. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 साली किर्लोस्करवाडीच्या माळावर कारखाना काढला आणि लोखंडी नांगर घडवला. 1960 साली स्वीडनच्या सँडविक कंपनीने पुण्यात कार्बाइडच्या हत्यारांचा उद्योग सुरू केला. पुढे पिंपरी-चिंचवड आणि भोसरीत लहानमोठी वर्कशॉपे उभी राहिली आणि कोकणातली मुले तिकडे जाऊ लागली.

माझा एक जुना विद्यार्थी याच किनाऱ्यावरचा. वर्कशॉपात लागला. गणपतीला घरी आला तो उतरल्या चेहऱ्याने. म्हणाला, "सर, पंचवीसचं ड्रिल मोडलं माझ्या हातून. पगारातून कापणार म्हणतात." मी इतिहासाचा माणूस, मला काय कळणार? पण त्याला खोदून खोदून विचारले, त्याच्याकडची हत्याराची पुस्तिका वाचली, आणि जे समजले ते इथे मांडतो.

यू-ड्रिलला दोन इन्सर्ट असतात, एक मध्याजवळ आणि एक बाहेरच्या कडेला. बाहेरचा इन्सर्ट वेगाने फिरतो, म्हणून तो झीज सोसणारा हवा. अगदी मध्यावर वेग जवळजवळ शून्य असतो, तिथे कापणे कमी आणि रेटणे जास्त, म्हणून आतला इन्सर्ट चिवट हवा. पुन्हा तीच हिरा आणि सळईची गोष्ट.

थोडे गणित पाहा. 25 मिलिमीटरचे हायस्पीड ड्रिल पोलादात मिनिटाला साधारण 25 मीटर वेगाने चालवले, तर मिनिटाला सुमारे 320 फेरे होतात. यू-ड्रिल 180 मीटरने चालवले, तर सुमारे 2300 फेरे. दर फेऱ्याला ते केवळ 0.1 मिलिमीटर पुढे सरकते, तरीही 50 मिलिमीटरचे भोक तेरा-चौदा सेकंदांत पडते. आधी लहान भोक पाडण्याचीही गरज नाही. उलट, तसे भोक असेल तर आतला इन्सर्ट रिकामा फिरतो, तोल जातो आणि ड्रिल बाजूला रेटले जाते.

पण वेगाची किंमत द्यावी लागते. कूलंट ड्रिलच्या पोटातून, जोराने आणि भरपूर आला पाहिजे. तो थंडावा देतो, त्याहून महत्त्वाचे म्हणजे कीस बाहेर ढकलतो. कीस आखूड तुकड्यांचा पडतो की लांब दोऱ्यासारखा, ते पाहत राहावे. लांब निघाला तर तो गुंतणार आणि ड्रिल मोडणार. ड्रिल कामाला पुरेल एवढेच, शक्य तितके आखूड घ्यावे. तिरक्या पृष्ठभागावर शिरताना चाल कमी करावी. एकावर एक पत्रे ठेवून भोक पाडू नये, कारण पहिल्या पत्र्याची सुटलेली चकती आतच अडकते. लेथवर काम फिरत असेल, तर भोक आरपार होताना अशी चकती गोळीसारखी उडते. तेव्हा यंत्राचे दार बंदच हवे. लेथवर ड्रिल मध्याशी जुळले आहे की नाही, तेही तपासावे. थोडे भोक पाडून थांबावे आणि तळाशी पाहावे. तिथे सुईसारखी बारीक काडी उरली तर ठीक. ती जाड असेल किंवा मुळीच नसेल, तर ड्रिल जागेवर नाही. इन्सर्ट बदलताना बैठक पुसून स्वच्छ करावी, झिजलेला स्क्रू टाकून द्यावा, आणि इन्सर्ट फुटण्याची वाट न पाहता ठरावीक भोकांनंतर तो फिरवावा.

आमच्या विद्यार्थ्याची चूक अखेर सापडली. इन्सर्ट बदलताना बैठकीत कीसाचा एक कण राहिला होता. इन्सर्ट किंचित वर बसला, कापताना हलला, फुटला, आणि त्याच्यामागोमाग ड्रिल गेले. एवढासा कण! पण बैठक का पुसायची, हे त्याला कुणी सांगितलेच नव्हते. बटण कोणते दाबायचे, तेवढे शिकवले होते.

त्याच सुट्टीत आम्ही एका वृद्ध मेस्त्रींकडे गेलो. होड्या बांधण्यात त्यांचा जन्म गेला. मुलाने सगळी हकीकत सांगितली. मेस्त्रींनी यू-ड्रिल कधी पाहिलेले नव्हते. ते एवढेच म्हणाले, "भोकाक जोर लागणा नाय, मास्तर, दम लागता." मग त्यांनी सामता काढून दाखवला. भुसा साचला की ते तो झाडून टाकीत होते. टोक पलीकडे निघायच्या वेळी हात हलका करीत होते. पाते दांड्यात बसवण्यापूर्वी खाच बोटाने पुसत होते. मुलगा माझ्याकडे पाहू लागला.

पूर्वी हे ज्ञान हातातून हातात जात असे, कारण चूक लगेच मनगटाला कळे. आता यंत्राचे दार बंद आहे आणि मनगटाला काही कळत नाही. म्हणून जे मनगट शिकवीत होते, ते आता कुणीतरी बोलून शिकवले पाहिजे. मोडलेल्या ड्रिलचे पैसे मुलाच्या पगारातून कापणे सोपे असते. त्याला कारण समजावून सांगायला मात्र अर्धा तास लागतो. तो अर्धा तास देणारी माणसे ज्या वर्कशॉपात असतील, तिथे ड्रिले कमी मोडतील, आणि मुलेही उतरल्या चेहऱ्याने घरी येणार नाहीत.

पुढच्या वेळी तारकर्लीला आलात आणि एखादी जुनी शिवलेली होडी दिसली, तर वाकून तिच्या भोकांची ओळ पाहा. ती सरळ आहे.