पोटात पाय

कोलकात्याच्या गॅलिफ स्ट्रीटवर रविवारी सकाळी रंगीत मासे आणि पाणवनस्पतींचा बाजार भरतो. चार वर्षांपूर्वी तिथून मी व्हॅलिस्नेरियाच्या दोन जुड्या आणल्या. फितीसारखी लांब हिरवी पानं, पाण्यात सोडली की टाकीला एकदम नदीपण येतं. घरी आल्यावर एका पानाच्या मागे पारदर्शक लिबलिबीत ठिपका दिसला. पुढच्या रविवारी विक्रेत्याला विचारलं, तर तो हसून म्हणाला, "ओटा फ्री, दिदि." ती गोगलगायीची अंडी होती.

महिन्याभरात टाकीत पन्नासेक गोगलगायी झाल्या. वनस्पतींची टाकी पाळणाऱ्यांच्या जगात ही लाजिरवाणी गोष्ट समजली जाते. जणू पाहुण्यांसमोर झुरळ निघालं. एका दुकानातून औषध आणलं. त्यात तांबं होतं. दोन दिवसांत गोगलगायी मेल्या, त्या वाळूत कुजल्या, पाणी तांदळाच्या धुवणासारखं झालं. चौथ्या दिवशी सकाळी अकरा रासबोरांपैकी तीन जिवंत होते, पाण्याच्या पृष्ठभागाशी तोंड वर करून धापा टाकत. दिवसभरात तेही गेले.

मी भाषांतरकार. घरात काही बिघडलं की दुरुस्ती करणाऱ्याकडे जाण्याआधी पुस्तकांकडे जाते. या वेळी त्यामुळे 1849 सालच्या लंडनमध्ये पोचले.

रॉबर्ट वॉरिंग्टन हा तिथल्या औषधविक्रेत्यांच्या संस्थेतला, अपॉथेकरीज हॉलमधला रसायनतज्ज्ञ. जोसेफ प्रीस्टलीने 1771 मध्ये दाखवलं होतं, की मेणबत्तीने बिघडवलेली हवा पुदिन्याचं रोपटं पुन्हा शुद्ध करतं. इंगेनहाउझने 1779 मध्ये सिद्ध केलं, की हे काम फक्त उजेडात आणि फक्त हिरव्या भागांत होतं. ते दाखवायला त्याने पाण्यात बुडवलेल्या पानांवरचे बुडबुडेच पाहिले होते. म्हणजे समीकरण तयार होतं: प्राणी बिघडवतो, वनस्पती सुधारते. वॉरिंग्टनला ते बंदिस्त पाण्यात खरं ठरतं का, हे बघायचं होतं. सुमारे 12 गॅलनच्या काचपात्रात वाळू, चिखल, दोन गोल्डफिश आणि एक व्हॅलिस्नेरिया. हो, तीच.

काही दिवस छान चाललं. मग व्हॅलिस्नेरियाची जुनी पानं कुजू लागली, काचेवर हिरवा थर चढला, पाणी गढूळलं. समीकरण बरोबर होतं आणि तरी मासे धोक्यात होते. वॉरिंग्टनने कुजणं कुठे थांबतं, हे निसर्गातच शोधलं आणि डबक्यातल्या पाच-सहा गोगलगायी आणून सोडल्या. त्यांनी कुजकी पानं आणि थर खाल्ला, पाणी निवळलं. वर त्यांची अंडी आणि पिल्लं माशांच्या पोटात जाऊ लागली. 1850 मध्ये केमिकल सोसायटीच्या त्रैमासिकात त्याने हे सगळं प्रसिद्ध केलं. वनस्पतींच्या टाकीचा इतिहास जिथून सुरू होतो असं सर्रास सांगितलं जातं, तो हा निबंध.

तो वाचताना मला माझ्या औषधाची बाटली आठवली. या छंदाच्या जन्मकथेत मासे वाचवणारी जी आहे, तिलाच मी पैसे देऊन मारलं होतं.

ती कथेतून गळली याला शब्दही थोडा जबाबदार असावा. 1854 मध्ये फिलिप हेन्री गॉस या निसर्गअभ्यासकाचं 'द अ‍ॅक्वेरियम' आलं आणि आधीच्या अवजड नावांना मागे टाकून हा शब्द रूढ झाला. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ गुरांना पाणी पाजण्याची जागा. गंमत म्हणजे त्यात मासा नाहीच, फक्त पाणी आहे. मराठीने 'मत्स्यालय' केलं आणि घर माशाच्या नावावर करून टाकलं. मुंबईचं 1951 सालचं तारापोरवाला मत्स्यालय पाहत मोठ्या झालेल्या माझ्यासारखीला दुसरा शब्द सुचतही नाही. पण ज्या टाकीत वनस्पती मालक आणि मासे भाडेकरू असतात, तिला हे नाव लागू पडत नाही. 'शेवाळ' या शब्दाचीही तीच अडचण. काचेवरची नकोशी हिरवळ, दगडावर हौसेने दोऱ्याने बांधलेलं जावा मॉस आणि तळ्यातलं लांब गवत, मराठीत सगळं शेवाळच. बांगलातलं 'शॅओला' तसंच ऐसपैस.

गॉसच्या पुस्तकाने इंग्लंडमध्ये लाट आली. लोक बादल्या घेऊन समुद्रकिनाऱ्यावर धावले. त्याचा मुलगा एडमंड याने 1907 च्या 'फादर अँड सन'मध्ये, बापाच्या हौसेने उघडलेल्या त्या खडकातल्या डोहांची कशी लूट झाली, हे फार दुःखाने लिहिलं आहे. आपल्या सह्याद्रीतल्या डेनिसन बार्बचं, केरळच्या नद्यांमधल्या त्या लाल रेघेच्या देखण्या माशाचं, परदेशी टाक्यांसाठी तेच झालं.

पण मला जास्त ओढ लागली दुसऱ्या एका मुलाची. वॉरिंग्टनच्या मुलाचं नावही रॉबर्ट. बापाने काचपात्र मांडलं तेव्हा तो दहा-अकरा वर्षांचा होता. पुढे तो रोथॅमस्टेडच्या शेतीसंशोधन केंद्रात गेला आणि वर्षानुवर्षं एकाच प्रश्नामागे राहिला: मातीतल्या अमोनियाचं नायट्रेट होतं कसं? हे जंतूंचं काम आहे असं 1877 मध्ये फ्रान्समधल्या दोघा संशोधकांनी दाखवलं होतं. ते काम दोन टप्प्यांत होतं, आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट, हे या धाकट्या वॉरिंग्टनने उलगडलं. ते जंतू वेगळे काढणं मात्र त्याला जमलं नाही. ते 1890 च्या सुमारास विनोग्राडस्कीने केलं.

टाकी पाळणारा प्रत्येकजण आज याच दोन टप्प्यांना 'सायकल' म्हणतो. बापाच्या पात्रात गोगलगायीच्या खालच्या वाळूत हेच जंतू राबत असणार. माझे मासे मेले ते या जंतूंना एकाच दिवसात पन्नास प्रेतं झेपली नाहीत म्हणून, आणि तांब्याने उरलीसुरली कसर भरून काढली.

जपानच्या ताकाशी आमानोने 1980 च्या दशकापासून टाकीत कार्बन डायऑक्साइड सोडून, प्रखर दिवे लावून पाण्याखाली डोंगर आणि कुरणं उभी केली; त्याच्याकडे शेवाळ खायला कोळंबी असायची. त्याची छायाचित्रं मीही तासन्‌तास बघते. पण माझी वृत्ती अमेरिकन डायना वॉलस्टॅडच्या बाजूची. 1999 च्या पुस्तकात ती साधी बागेची माती, भरपूर झाडं आणि कमी यंत्रं सुचवते. थोडक्यात, वॉरिंग्टनचं पात्र.

'गोगलगाय अन् पोटात पाय' असं आपण वरून गरीब आणि आतून लबाड माणसाला म्हणतो. शास्त्रीय वर्गीकरणातलं तिच्या वर्गाचं नाव 'गॅस्ट्रोपोडा', ग्रीकमधून: गास्टर म्हणजे पोट, पूस म्हणजे पाय. म्हणीने आणि शास्त्राने तिला एकाच जागी पकडलं आहे. लबाडी तेवढी आपण जोडली.

तांबं वाळूत राहतं, म्हणून मी वाळू फेकली, माती आणली, व्हॅलिस्नेरिया पुन्हा लावली आणि सहा आठवडे एकही मासा न घालता पाण्याची चाचणी करत बसले. नायट्राइट शून्यावर आलं त्या रविवारी गॅलिफ स्ट्रीटवर त्याच विक्रेत्याकडे जाऊन गोगलगायी मागितल्या. त्याने दोनदा विचारून खात्री केली. मग प्लास्टिकच्या पिशवीत सहा-सात टाकल्या आणि पैसे किती सांगावेत, ते त्याला कळेना.