योजनेच्या यादीत दवाखाना येतो कसा? भरती होण्याआधी काय बघायचं?

वसई-विरार : जव्हार, वाडा, विक्रमगडकडचे अनेक रुग्ण मोठ्या ऑपरेशनसाठी विरार-नालासोपाऱ्याकडे येतात. दवाखान्याच्या पाटीवर ‘महात्मा फुले जन आरोग्य योजना’ दिसली की घरचे निर्धास्त होतात. पण पाटी कोणीही रंगवून घेऊ शकतो.

2 जुलै 2012 रोजी 8 जिल्ह्यांत ‘राजीव गांधी जीवनदायी’ नावाने सुरू झालेल्या योजनेला 1 एप्रिल 2017 पासून महात्मा फुले यांचं नाव आहे. पुढे आयुष्मान भारत तिला जोडली गेली. आता कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत संरक्षण मिळतं. हा पैसा रुग्णाच्या हातात येत नाही, थेट दवाखान्याला जातो. गडबडीला जागा तिथेच मिळते.

म्हणून दवाखान्याची आधी छाननी होते. 1949 च्या नर्सिंग होम कायद्याखाली नोंदणी लागते; वसई-विरार शहरात ती महापालिकेकडे असते. त्यानंतर खाटा, ऑपरेशन थिएटर, डॉक्टरांचे नोंदणी क्रमांक असे कागद ऑनलाइन जातात, जागेवर तपासणी होते आणि राज्य आरोग्य हमी सोसायटी मंजुरी देते.

कागदावर हे चोख दिसतं. मात्र ऑगस्ट 2023 मध्ये संसदेत आलेल्या ‘कॅग’च्या अहवालाने देशभरातलं वेगळंच चित्र मांडलं. काही राज्यांत जागेवर न जाताच दवाखाने यादीत घेतले होते, काहींकडे किमान सोयीही नव्हत्या. जवळपास साडेसात लाख लाभार्थ्यांच्या नावापुढे एकच मोबाइल नंबर होता, तोही नुसते दहा नऊ! उपचारात दगावलेल्या रुग्णांच्या नावे पुन्हा उपचार दाखवून बिलं निघाल्याचंही त्यात आहे. तपासणीच्या दिवशी हजर असलेला डॉक्टर नंतर येतो का, हे शेवटी खाटेवरच्या माणसालाच दिसतं.

तेव्हा पाटीवर न जाता सोसायटीच्या वेबसाइटवर पालघर जिल्ह्याची यादी बघावी. दवाखाना यादीत असला तरी आपलं ऑपरेशन ज्या विभागाचं, तो विभाग मंजूर आहे का ते विचारावं. हाडाच्या ऑपरेशनला मंजुरी म्हणजे हृदयाच्याला नव्हे. डॉक्टरचा नोंदणी क्रमांक महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या वेबसाइटवर तपासता येतो.

यादीतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसलेला असतो. रेशनकार्ड आणि ओळखपत्र त्यालाच दाखवावं. कोऱ्या कागदावर सही-अंगठा देऊ नये. घरी सोडताना कागदावर कोणतं ऑपरेशन आणि किती दिवस लिहिलेत, ते घरातल्या शिकलेल्या पोराकडून वाचून घ्यावं. तपासण्या, औषधं, जेवण आणि परतीचं भाडं पॅकेजमध्येच असतं. तरी ‘डिपॉझिट भरा’ म्हणाले तर पावती मागावी. आयुष्मानच्या नियमांत अशी बेकायदा वसुली पहिल्यांदा सापडली तरी पूर्ण रक्कम परत आणि वर तिप्पट भरपाईची तरतूद आहे. तिसऱ्यांदा दवाखाना यादीतून बाहेर. पावती नसेल तर सिद्ध करणं अवघड जातं.

तक्रार आधी आरोग्यमित्राकडे किंवा योजनेच्या जिल्हा समन्वयकाकडे करावी. टोल फ्री नंबर 155388 आणि 1800 233 2200, आयुष्मानसाठी 14555. फोन केल्यावर तक्रार क्रमांक लिहून ठेवावा.