कांचेच्या भांड्यांतील ओढा

इ. स. १८४९ हें साल लंडन शहराला फार वाईट गेलें. पटकीच्या सांथीनें त्या वर्षीं तेथें हजारों माणसें दगावलीं. शहराची घाण टेम्स नदींत जात होती आणि त्याच नदीचें पाणी अनेक वस्त्या पीत होत्या. समुद्रांतून नदींत चढणारा सामन मासा त्यापूर्वींच, १८३० नंतरच्या कांहीं वर्षांत, टेम्समधून नाहींसा झाला होता. अशा त्या सालच्या मे महिन्यांत, नदीपासून हांकेच्या अंतरावर, औषधें बनविणाऱ्यांच्या जुन्या संघाच्या वास्तूंत, रॉबर्ट वॉरिंग्टन नांवाच्या रसायनशास्त्रज्ञानें एका मोठ्या कांचपात्रांत झऱ्याचें पाणी ओतून दोन लहान मासे सोडले. पाणी न बदलतां हे मासे जगवितां येतील काय, एवढाच त्याचा प्रश्न होता.

मासे पाळण्याचा छंद फार जुना आहे. परंतु घरांतील भांड्यांत मासा ठेवावयाचा म्हणजे वरचेवर पाणी बदलावें लागे, आणि एवढें करूनहि मासा फार दिवस टिकत नसे. वनस्पति सूर्यप्रकाशांत प्राणवायु सोडतात, हें प्रीस्टली व इंगेनहूज यांनीं अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत दाखवून दिलें होतें. वॉरिंग्टननें त्या ज्ञानाचा उपयोग करावयाचें ठरविलें. सुमारें १२ गॅलन मापाचें पात्र त्यानें निम्में भरलें, तळाशीं वाळू, चिखल व दगड घातले आणि व्हॅलिस्नेरिया नांवाची पाणवनस्पति लावली. माशाच्या उच्छ्वासानें वनस्पतीचें पोषण व्हावें व वनस्पतीच्या प्राणवायूनें मासा जगावा, असा हिशेब होता. हिशेब चुकीचा नव्हता. तरीहि पाणी बिघडूं लागलें. वनस्पतीचीं जुनीं पानें कुजत, पाणी गढूळ होई आणि कांचेवर हिरवा थर चढे.

मग निसर्गांतील तळें कोणाच्या हातून स्वच्छ राहतें, याचा विचार त्यानें केला आणि कांहीं पाणगोगलगाई आणून पात्रांत सोडल्या. गोगलगाईंनीं कुजकीं पानें खाल्लीं, कांचेवरचा थर चाटून काढला, आणि त्यांनीं घातलेलीं अंडीं माशांना आयतेंच खाद्य झालीं. पाणी निवळलें. ज्या प्राण्याला डबक्यांतील किळसवाणा जीव म्हणून कोणी घरांत घेतला नसता, त्याच्यावांचून तें घर चालत नव्हतें. १८५० च्या मार्च महिन्यांत वॉरिंग्टननें हा सारा प्रयोग लंडनच्या केमिकल सोसायटीपुढें मांडला. आजच्या घरगुती मत्स्यपात्राचा पाया तो हाच.

हे पहिले दोन मासे सोनेरी, म्हणजे मूळचे चीन देशाचे होते. वॉरिंग्टनचें लक्ष लौकरच आपल्या देशाच्या माशाकडे वळलें. इंग्लंडांतील ओढ्यांत व खंदकांत स्टिकलबॅक नांवाचा बोटाएवढा मासा आढळतो. पाठीवर तीन कांटे, अंग चपळ, बाजारांत किंमत कांहीं नाहीं. शाळकरी मुलांनीं जाळ्यानें धरावा आणि बरणींत घालून घरीं न्यावा, एवढीच त्याची योग्यता. परंतु वसंत ऋतु आला कीं याच माशाच्या नराचें पोट लाल होतें व डोळे निळे चमकूं लागतात. तो तळाशीं खड्डा करतो, गवताचे बारीक तुकडे तोंडानें आणून रचतो आणि स्वतःच्या अंगांतून स्रवणाऱ्या चिकट द्रव्यानें ते सांधून घरटें बांधतो. मादीपुढें तो नागमोडी नाच करतो. तिनें घरट्यांत अंडीं घातल्यावर तिला हांकून लावतो, आणि पुढें पिल्लें बाहेर पडून पोहूं लागेपर्यंत पंखांनीं ताजें पाणी घालीत रात्रंदिवस पहारा करतो. वॉरिंग्टननें या माशाचें वर्तन आपल्या कांचपात्रांत बारकाईनें पाहिलें व १८५२ पासून तें प्रसिद्ध केलें. पक्ष्यासारखें घरटें बांधणारा आणि मातेसारखी जोपासना करणारा पिता दाराजवळच्या ओढ्यांत राहतो, हें पुष्कळांना तेव्हां प्रथमच कळलें.

येथवर या छंदाची कथा निर्मळ आहे. पुढें मात्र तींत लोभ शिरला. कांचेवरील कर इंग्लंडमध्यें १८४५ सालींच उठला होता, त्यामुळें कांच स्वस्त झाली होती. १८५३ च्या मे महिन्यांत लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत पहिलें सार्वजनिक मत्स्यालय उघडलें. दुसऱ्या वर्षीं फिलिप हेन्री गॉस या निसर्गाभ्यासकाचें ‘दि अक्वेरियम’ हें पुस्तक निघालें, आणि पाहतां पाहतां बैठकीच्या खोलींत कांचपात्र असणें हें सुसंस्कृत घराचें लक्षण ठरलें. गाड्या भरभरून लोक समुद्रकिनारीं जाऊं लागले आणि खडकांतील कुंडें खरवडून आणूं लागले. गॉसचा पुत्र एडमंड यानें १९०७ सालीं लिहिलेल्या आपल्या आठवणींत, पित्याच्या पुस्तकांनींच चाळविलेल्या या गर्दीनें ते किनारे कसे उजाड केले, तें मोठ्या खेदानें नमूद केलें आहे. गॉसचा हेतु वाईट नव्हता. सृष्टीचें सौंदर्य लोकांना दिसावें अशीच त्याची इच्छा होती. पण पाहण्याच्या आवडीबरोबर राखण्याची शिकवण गेली नाहीं. दहा-पंधरा वर्षांत ती लाट ओसरली आणि हौसेनें विकत घेतलेलीं पात्रें अडगळींत पडलीं. वॉरिंग्टनचें भांडें सर्वांनीं घेतलें होतें. त्याचा धीर फार थोड्यांनीं घेतला होता.

त्याच सुमारास जर्मनींत या छंदानें निराळें वळण घेतलें. एमिल रॉसमेस्लर हा निसर्गशास्त्राचा अध्यापक १८४८ च्या राज्यक्रांतींत भाग घेतल्यामुळें आपल्या पदाला मुकला होता. तो लाइपझिग येथें राहून सामान्य जनांसाठीं लिहूं लागला. ज्यांच्या घरापासून समुद्र शेंकडों मैल दूर आहे, त्यांनीं समुद्राचा सोस कशाला करावा? गांवचें तळें आणि शेताकडेचा चर पुरेसा आहे, असें त्यानें १८५६ सालच्या लेखांत सांगितलें व दुसऱ्या वर्षीं गोड्या पाण्याच्या पात्रावर स्वतंत्र पुस्तकच लिहिलें. पुढें हौशी लोकांच्या मंडळ्या निघाल्या. बर्लिनची ‘ट्रायटन’ ही मंडळी १८८८ सालची. आगबोटींतून दूरदेशचे रंगीबेरंगी मासे येऊं लागले, तेव्हां ओढ्यांतील साधा मासा पुन्हां मागें पडला. परंतु तो मुलांच्या बरणींतून कधींच हद्दपार झाला नाहीं.

अशाच एका मुलाची गोष्ट प्रसिद्ध आहे. निको टिनबर्गेन हा हॉलंडांतील हेग शहरीं १९०७ सालीं जन्मला. त्याच्या घराच्या परसांत दोन लहानशीं मत्स्यपात्रें होतीं आणि दर वसंतांत तो स्टिकलबॅक माशांचें घरटें बांधणें न्याहाळीत असे. शाळेंतील निसर्गविषयाच्या शिक्षकांनीं त्याची आवड ओळखली, वर्गांतील मत्स्यपात्रें त्याच्या हवालीं केलीं आणि मधल्या सुटींत त्यानें आंत बसावें म्हणून मुख्याध्यापकांपाशीं रदबदलीहि केली. हाच मुलगा पुढें लायडन विश्वविद्यालयांत शिकवूं लागला व तेथेंहि त्यानें तोच मासा पाळला. १९३० नंतरच्या दशकांत एक चमत्कार त्याच्या नजरेस आला. खिडकीबाहेरच्या रस्त्यानें टपालाची लाल गाडी गेली कीं पात्रांतले नर त्या दिशेनें धांवून जात. त्यानें माशांच्या ओबडधोबड प्रतिकृति करून पाहिल्या. हुबेहूब पण लाल पोट नसलेल्या प्रतिकृतीकडे नर फारसें लक्ष देत नसे, आणि आकार कसाहि असो, खालचा भाग लाल असला कीं तिच्यावर तुटून पडे. प्राण्यांच्या उपजत वर्तनाचें शास्त्र ज्या प्रयोगांवर उभें राहिलें, त्यांत हे प्रयोग अग्रगण्य आहेत. १९७३ सालचें नोबेल पारितोषिक टिनबर्गेनला लोरेंझ व फॉन फ्रिश यांच्यासमवेत मिळालें. ज्या माशाला बाजारांत किंमत नव्हती, त्याची किंमत ही अशी झाली.

आपल्या सह्याद्रीच्या नद्यांतहि असें धन कमी नाहीं. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्यानें दख्खनच्या माशांचें वर्णन १८३९ सालीं प्रसिद्ध केलें, तेव्हां कित्येकांना त्यानें येथील लोकांच्या तोंडचींच नांवें दिलीं. ‘खुद्री’ व ‘कोळस’ हीं नांवें त्यामुळें आजहि शास्त्राच्या लॅटिन नामावळींत नांदत आहेत. तथापि ओळख आणि माया या दोन गोष्टी नेहमींच बरोबर येत नाहींत. सह्याद्रीच्या दक्षिण भागांत, केरळ व कर्नाटकांतील वाहत्या ओढ्यांत, अंगावर काळा पट्टा आणि त्यावर तांबडी रेघ असलेला एक देखणा मासा राहतो. फ्रान्सिस डे यानें १८६५ सालीं त्याचें वर्णन केलें व मद्रासचे गव्हर्नर डेनिसन यांचें नांव त्याला दिलें. पुढें सव्वाशें वर्षें तो आपल्या ओढ्यांत निर्वेध राहिला. १९९० नंतरच्या दशकांत परदेशच्या हौशी लोकांची नजर त्यावर गेली. ‘मिस केरळ’ असें त्याचें नांव पडलें आणि पिशव्या भरभरून मासे विमानानें जाऊं लागले. २००५ ते २०१२ या काळांत भारतांतून धोक्यांत असलेल्या ३० जातींचे सुमारें १५ लक्ष गोड्या पाण्याचे मासे बाहेर गेले. त्यांत हा मासा व त्याचा एक जवळचा भाऊबंद यांचा वाटा मोठा होता.

केरळ सरकारनें २००८ सालीं निर्बंध घातले. जून, जुलै व ऑक्टोबर हे महिने बंदीचे ठरले. परंतु अभ्यासकांनीं ओढ्यांत उतरून पाहिलें, तेव्हां या माशाचा विणीचा काळ ऑक्टोबर ते मार्च असा निघाला. म्हणजे बहुतेक विणीच्या काळांत पकड चालूच राहिली होती! माशाला वांचविण्याची इच्छा खरी होती, पण मासा पुरता ठाऊक नव्हता. २०१३ सालीं भारतीय संशोधकांनीं या माशाच्या गणाला ‘सह्याद्रिया’ असें नांव दिलें. ओढ्याला हात न लावतां त्याची पैदास करण्याची रीतहि आतां साधली आहे. ती आधीं साधली असती, तर लक्षावधि माशांवर हा प्रवास ओढवला नसता.

मग हा छंद वाईटच म्हणावा काय? मेक्सिको देशांतील एका लहानशा नदीची हकीकत याचें उत्तर देते. हालिस्को प्रांतांत टेकीला नांवाच्या ज्वालामुखी पर्वताच्या पायथ्याशीं तेउचित्लान नदीचे झरे आहेत. त्यांत एक मासा राहत असे. अडीच इंचांहून फारसा मोठा नाहीं, नराच्या शेपटीला नारिंगी कड, आणि जगाच्या पाठीवर दुसरीकडे कोठेंहि नाहीं. झऱ्यांचें पाणी अडलें व उपसलें गेलें, घाण मिसळली, परके मासे सोडले गेले आणि त्या नदींतून हा मासा नाहींसा झाला. परंतु नदी रिकामी झाली तरी त्या माशाचा वंश दूरदेशच्या हौशी लोकांच्या कांचपात्रांत टिकून होता. इव्हान डिबल नांवाच्या एका इंग्रज मत्स्यपालकानें १९९८ सालीं या माशांच्या पांच जोड्या मेक्सिकोंतील मिचोआकान विश्वविद्यालयास नेऊन दिल्या. तेथील शास्त्रज्ञांनीं त्या जतन केल्या, वाढविल्या, मग त्यांतील ४० नर व ४० माद्या मोठ्या तळ्यांत सोडून त्यांना ऊन-पावसाची, शत्रूची व दुष्काळाची संवय लावली. अखेर सुमारें दीड हजार मासे मूळच्या झऱ्यांत सोडण्यांत आले, आणि ते तेथें नांदूं व पसरूं लागल्याचें वृत्त २०२१ च्या अखेरीस जगापुढें आलें.

या कथेंत ध्यानांत घेण्याजोगें तें हें कीं, मासे सोडण्यापूर्वीं तेथें नदी सुधारावी लागली. परके मासे काढावे लागले, पाण्याची परीक्षा करावी लागली. टेम्सचेंहि तसेंच झालें. दिवाणखान्यांतील कांचपात्रांनीं ती निवळली नाहीं; शहराची घाण अडविणारीं मोठीं गटारें बांधलीं तेव्हां निवळूं लागली. विसाव्या शतकांत ती पुन्हां इतकी बिघडली कीं १९५७ सालीं तिला मृतवत् ठरविण्यांत आलें, आणि पुन्हां मेहनत केल्यावर आज तिच्यांत शंभरावर जातींचे मासे आहेत. कांचेच्या भांड्यांत ओढ्याचें बीं कांहीं काळ सांभाळतां येतें. ओढा सांभाळतां येत नाहीं. म्हणून ज्याला देशी मासा घरीं ठेवावयाचा आहे, त्यानें आधीं त्याचा ओढा ओळखावा, नियम जाणून थोडेंच घ्यावें, झालेलीं पिल्लें दुसऱ्या अभ्यासकाला द्यावीं, आणि कंटाळा आला म्हणून परका मासा कधींहि ओढ्यांत सोडूं नये.

तेउचित्लानच्या कांठीं आज गांवचीं मुलें ‘नदीचे रक्षक’ म्हणवून घेतात. शिक्षकांबरोबर तीं झऱ्यावर जातात, पाणी तपासतात आणि मासे ओळखतात. त्यांच्या हातीं बरण्या असोत वा नसोत, मासे पाहण्यासाठीं तीं घरीं परतण्याची वाट पाहत नाहींत. ओढ्याच्या कांठींच वांकून पाहतात.